चौदा कोंबड्या, दोन बादल्या आणि कोरडी जमीन

ठमी आमची सगळ्यांत दांडगी कोंबडी. तिला खाताना पाहिलं की ताटातलं आवडीचं तेवढं वेचून बाकीचं कडेला सारणारं पोर आठवतं. भांड्यात चोच घालायची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सपकन फिरवायची, मक्याचा एक कण टिपायचा आणि मूठभर भुकटी काठावरून बाहेर. एवढ्यानं समाधान झालं नाही तर थेट भांड्यात चढून दोन्ही पायांनी उकरायचं. बाकीच्या तेरा जणींना ही खोड तिनंच लावली असं मी बरेच दिवस मानत होते आणि तिच्यावर ओरडत होते.

ठमीचा काही दोष नव्हता. उकरणं कोंबडीला शिकवावं लागत नाही. पाळीव कोंबडीचे पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडे. जंगलातला पाचोळा पायांनी उलथायचा आणि खालचे किडे, बिया टिपायच्या, यावरच त्यांचं पोट. कालपरवा अंड्यातून निघालेलं पिल्लूसुद्धा कागदावर टाकलेल्या खाद्यात पाय झाडतं. तेव्हा ठमीला वळण लावायचा नाद मी सोडला आणि भांड्यांच्या मागे लागले. भांड्याची उंची, त्याचा काठ आणि त्याखालची जमीन या तीन गोष्टी बदलल्या. कोंबड्या होत्या तशाच आहेत, अजून उकरतात, पण आता उकरायला खाली काही पडत नाही.

आधी किती सांडतं ते मोजा

मी तीस वर्षं प्रयोगशाळेत वजनकाट्यासमोर काढली. त्यामुळे अंदाजावर माझा भरवसा नाही. भांड्याखाली पत्र्याचा मोठा ट्रे ठेवला, भांड्याच्या चारी बाजूंनी हातभर बाहेर येईल एवढा. त्यावर बारीक चौकोनांची वेल्डेड जाळी टाकली. ही जाळी हवीच. नाहीतर खाली पडलेलं कोंबड्या टिपून घेतात आणि तुमचा आकडा चुकतो. संध्याकाळी जाळी उचलली, कोंबड्यांची विष्ठा बाजूला केली आणि ट्रेमधलं खाद्य तोललं. २३० ग्रॅम.

अंडी देणारी मध्यम अंगाची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. मी चौदा जणींना मिळून १ किलो ६०० ग्रॅम घालत होते. म्हणजे रोज दोन कोंबड्यांचं जेवण जमिनीवर जात होतं.

‘पडलेलं त्या नंतर टिपतातच की’ असं कुणी म्हणेल. मीही म्हणत होते. मोठे कण टिपतात, खरं आहे. भुकटी मात्र तशीच राहते आणि खाद्यात मिसळलेली जीवनसत्त्वं आणि क्षार बरेचसे त्या भुकटीतच असतात. मग त्या भुकटीवर पाणी सांडतं, बुरशी धरते. बुरशीला हलक्यात घेऊ नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी एकाएकी दगावले. कारण शोधता शोधता खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरची बुरशी सापडली आणि तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. आपल्या आवारातल्या मूठभर ओल्या खाद्यानं एवढा अनर्थ होणार नाही, पण वास मारणारं, गोळा झालेलं खाद्य मी तेव्हापासून हातात घेऊन विचार करत बसत नाही, सरळ फेकते. कोंबड्यांच्या पोहोचेबाहेर.

एक पैसाही न घालता निम्मं काम

नवं काही आणण्याआधी दोन गोष्टी करून पाहा.

पहिली, उंची. कोंबडी सरळ, आरामात उभी असताना तिच्या पाठीची जमिनीपासूनची उंची मोजा. भांड्याचा काठ तेवढ्याच उंचीवर हवा. माझ्याकडे ती २५ सेंटिमीटर भरली. काठ याहून खाली असला की कोंबडी वाकून खाते, चोच सपाट फिरवते आणि खाद्य बाहेर ढकलते. काठ पाठीच्या पातळीला आला की तिला मान पुढे काढून वरून टिपावं लागतं. चोचीतून काही निसटलं तरी ते परत भांड्यातच पडतं. आणि एवढ्या उंच काठावर पाय टाकून आत उतरायचा उत्साह फार कमी जणींना असतो. आवारात लहानमोठ्या सगळ्या जातींच्या असतील तर सगळ्यांत ठेंगणीला खाता येईल ते बघा. आमच्या चिमीसाठी मी भांड्याजवळ एक वीट आडवी टाकली आहे. ती तिच्यावर चढून खाते, मोठ्या जणी विटेकडे बघतही नाहीत.

दुसरी, भरण्याची पातळी. पसरट ताटलीचं भांडं काठोकाठ भरायचा मोह होतो, कारण मग दिवसभर बघावं लागत नाही. एक तृतीयांशाच्या वर भरू नका. अर्ध्यापर्यंत भरलं की चोचीच्या एका फटक्याला पुरेल एवढं खाद्य काठाशी आलेलं असतं. काठ आतल्या बाजूला बोटभर वळलेला असेल तर उत्तमच. तसा नसेल तर जाड रबरी नळी लांबीत मधोमध चिरून काठावर चढवता येते, तेवढाच आडोसा होतो.

भांडं विटांवर चढवलं, खाद्य तिसऱ्या हिश्शापर्यंत घातलं आणि पुन्हा ट्रे ठेवून मोजलं. २३० चे ९० झाले.

टांगायचं असेल तर साखळी आणि एस हुक वापरा, म्हणजे उंची कडी-कडीने बदलता येते. फक्त टांगलेलं भांडं झुलता कामा नये. झुलतं भांडं चाळणीचं काम करतं. खालून दोन बाजूंना दोरीने ताणून बांधलं की गप्प बसतं.

बादलीचा फीडर

उरलेल्या ९० ग्रॅमसाठी बादली केली. माझा दादा नळजोडणीच्या कामातला. त्यानं आधी माझं चित्र पाहून नाक मुरडलं, मग सगळं काम स्वतःच हिसकावून घेतलं. पद्धत अशी.

घट्ट झाकणाची २० लिटरची बादली घ्या. आधी त्यात खाण्याचा पदार्थ असलेला बरा. रंगाची किंवा औषधाची बादली कितीही धुतली तरी नको. ७५ मिलिमीटरचे तीन पीव्हीसी एल्बो, काटकोनातले, एक तोंड साधं आणि एक रुंद गळ्याचं. ड्रिलला लावायचा ७६ मिलिमीटरचा होल सॉ. खाण्याच्या भांड्यांना चालणारं सिलिकॉन.

कल्पना साधी आहे. एल्बो बादलीच्या आतून बसवायचा. साधं तोंड भोकातून बाहेर काढायचं, रुंद तोंड आत राहून खाली बघेल. कोंबडी बाहेरून डोकं आत घालते, मान खाली वळवते आणि बादलीच्या तळावरचं खाद्य टिपते. तिनं चोच कितीही आपटली तरी खाद्य एल्बोच्या भिंतीला लागून परत खालीच. डोकं बाहेर काढेपर्यंत चोचीत जेवढं, तेवढंच बाहेर येतं.

इथे एकच माप महत्त्वाचं, आणि आम्ही नेमकं तेच चुकवलं. एल्बोचं खालचं तोंड बादलीच्या तळापासून ४ सेंटिमीटर वर हवं. पहिल्या बादलीत ते ८ वर गेलं. खाद्याची पातळी एल्बोमध्ये इतकी चढली की ते बाहेर ओघळायला लागलं. उलट २ सेंटिमीटर ठेवलं तर खाद्य सरकतच नाही. त्यामुळे भोक पाडण्याआधी ४ सेंटिमीटर जाडीचा लाकडाचा ठोकळा बादलीत ठेवा, त्यावर एल्बो उभा करा, साधं तोंड भिंतीला टेकवा आणि पेन्सिलीने गोल आखा. त्या गोलाच्या मध्यावर बारीक भोक पाडून मग बाहेरून होल सॉ चालवा. यंत्र हळू फिरवा. जोरात फिरवलं की प्लास्टिक वितळून कडेला गाठी धरतं. कड पॉलिश पेपरने घासा, बाहेर आलेल्या एल्बोचं तोंडही. कोंबडीचा तुरा आणि डोळे रोज तिथूनच जाणार आहेत. एल्बो दोन सेंटिमीटर बाहेर राहू द्या, पावसाचे ओघळ भिंतीवरून आत शिरत नाहीत.

बादलीची भिंत गोल आणि निमुळती, एल्बो सरळ, त्यामुळे फट राहतेच. ती आतून सिलिकॉनने भरा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत बादली उघडी ठेवा. आम्ही दोन दिवस ठेवली.

आणखी एक गंमत. तिन्ही तोंडं कडेला असतात, म्हणून मधलं खाद्य तसंच पडून राहतं. जुनं होतं, कुबट होतं. तळाच्या मधोमध एक वाडगा पालथा चिकटवला की खाद्य त्याच्या उतारावरून कडेला सरकतं. हे सुचायला मला तीन महिने लागले.

भुकटीचं खाद्य, म्हणजे मॅश, या बादलीत नीट चालत नाही. हवा दमट असली की ते वर अडकून पूल बांधतं, खाली पोकळी होते, आणि बादली भरलेली दिसत असताना कोंबड्या उपाशी राहतात. पेलेट (गोळ्यांचं खाद्य) किंवा क्रंबल (दाणेदार खाद्य) सुटसुटीत घसरतं. मॅशच घालायचं असेल तर बादली अर्ध्याच्या वर भरू नका आणि रोज सकाळी तिला एक थाप मारा. पेलेटची बादली काठोकाठ भरली तर ११-१२ किलो मावतं, आमच्या चौदा जणींचा आठवडा निघतो. तरी मी तीन दिवसांपुरतंच भरते. खाद्य ताजं राहतं आणि वरचेवर झाकण उघडायच्या निमित्तानं आत डोकावणं होतं.

तळाशी शेवटी भुकटी उरतेच. ती आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात कालवून वेगळ्या ताटलीत देते. अर्ध्या तासात जे संपत नाही ते उचलते. यावर मात्र सगळ्या अशा तुटून पडतात की वाटावं, आठवडाभर काही मिळालंच नाही.

एका तोंडाला चार-पाच कोंबड्या, एवढा हिशेब पुरतो. तरीही एकच बादली ठेवू नका. ठमीसारखी एखादी बादलीसमोर ठाण मांडते आणि गरीब जणी दुरून बघत राहतात. आम्ही दोन बादल्या केल्या, तीन मीटर अंतरावर, मधे एक फळी उभी. एका बादलीवरून दुसरी दिसत नाही, त्यामुळे दोन्हींवर राज्य करणं ठमीला जमत नाही. आमचा कोंबडा सुभेदार याचा तुरा मोठा, ७५ च्या एल्बोला घासायला लागला. दुसऱ्या बादलीत एक तोंड ९० मिलिमीटरचं ठेवलं.

शिकायला त्यांना दोन दिवस लागले. तोंडात वरपर्यंत खाद्य दिसेल असं हाताने भरून ठेवायचं आणि जुनं भांडं लगेच काढायचं नाही. एकीनं डोकं घातलं की बाकीच्या रांगेत येतात. आता ट्रेमध्ये १५ ग्रॅमही पडत नाही.

उभ्या पाइपचे फीडरही मी करून पाहिले. ११० मिलिमीटरचा पाइप, खाली बेंड. दिसायला झकास. पण बेंडचं तोंड उघडं असतं, कोंबडी तिथेही चोच आडवी फिरवते, आणि पावसाचं पाणी थेट खाद्यावर. अरुंद जागेत, छपराखाली, तोंडावर थोडा आडोसा ठेवून चालेल. पायाने दाबल्यावर झाकण उघडणारे पेटीचे फीडर उंदीर आणि चिमण्यांना रोखतात, पण पिल्लं असतील तर ते झाकण धोक्याचं आहे.

शिंपल्यांचा चुरा आणि खडे खाद्यात मिसळू नका. ज्यांना ते नको असतं त्या ते उडवतात. दोन छोट्या डब्या भिंतीला वेगळ्या लावा, ज्यांना हवं त्या जाऊन घेतात.

पाणी

खाद्य सांडलं तर नुकसान होतं. पाणी सांडलं तर आजार येतात. कोंबड्यांच्या शिटेतून रक्ती हगवणीच्या, म्हणजे कॉक्सिडिओसिसच्या जंतूंची अंड्यासारखी कवचं पडतात. कोरड्या जागी ती निपचित राहतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात. लहान पिल्लं आणि तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, यांना त्याचा तडाखा जास्त. शिवाय खुराड्यात खाली पसरलेलं तूस ओलं झालं की कुजून अमोनिया सुटतो. खुराड्यात वाकल्यावर आपल्या नाकाला झोंबलं तर जमिनीलगत बसणाऱ्या कोंबडीचं काय होत असेल?

कोंबडी जेवढं खाते त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी पिते. थंड दिवसात २०० ते २५० मिलिलिटर, उन्हाच्या कडाक्यात त्याच्याही दुप्पट. कवच सोडलं तर अंड्यात सुमारे ७५ टक्के पाणीच असतं, त्यामुळे एक दिवस पाणी तुटलं तरी अंड्यांवर लगेच परिणाम दिसतो.

माझं पहिलं भांडं म्हणजे वर उलटा डबा आणि खाली गोल ताटली, सगळीकडे मिळतं तेच. ते रोज दुपारी आपोआप वाहायचं. सकाळी कोरडं, दुपारी तळं. डब्याला चीर असेल म्हणून दोन डबे बदलले. शेवटी उलगडा झाला तो उन्हामुळे. या भांड्यात पाणी हवेच्या दाबावर थोपलेलं असतं: ताटलीतलं पाणी भोकाच्या खाली गेलं की हवा आत शिरते, तेवढं पाणी बाहेर येतं, भोक पुन्हा झाकलं जातं. डब्यावर ऊन पडलं की आत कोंडलेली हवा फुगते आणि पाण्याला बाहेर ढकलते. भांडं कलतं असेल तर हवा सारखी आत शिरत राहते आणि डबा रिकामा होतो. तेव्हा हेच भांडं वापरायचं असेल तर सावलीत, अगदी समतल फरशीवर आणि काठ पाठीच्या उंचीला येईल असं ठेवा. एवढ्यानं वाहणं थांबेल. उकरलेली माती आणि तूस ताटलीत पडणं मात्र पूर्ण थांबणार नाही.

म्हणून निपल. पितळी किंवा स्टीलची बारीक खीळ असलेली ही तोटी, कोंबडीनं चोचीनं हलवली की थेंब येतो, सोडली की बंद.

पहिल्यांदा मी बादलीच्या तळालाच चार निपल बसवले आणि बादली टांगली. भरलेली बादली म्हणजे वीस किलो, हुकाने रात्रीतून मान टाकली. सकाळी आवारात चिखल आणि त्यात बसलेल्या, अत्यंत खूश दिसणाऱ्या चौदा कोंबड्या. त्यानंतर बादली जाळीबाहेर फळीवर ठेवली आणि तिथून पाइप आत आणला. हीच रचना आजवर टिकली आहे.

पाइप २५ मिलिमीटरचा, जाड भिंतीचा, दोन मीटर लांब. दर ३० सेंटिमीटरवर एक असे पाच निपल. एका निपलवर आठ-दहा कोंबड्या भागतात, पण एखादा निपल बंद पडला तर कुणी तहानलेली राहू नये म्हणून मी सढळ ठेवते. आट्यांचा निपल असेल तर भोक आट्यांच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान पाडायचं, म्हणजे आटे पाइपमध्ये स्वतःची वाट कापतात. आधी पाइपच्या तुकड्यावर पाडून बघा. आटे दोन-तीन वेढे टेफलॉन टेपने गुंडाळा आणि हाताने आवळा, शेवटचा अर्धा वेढा पान्याने. जास्त आवळलं की पाइप तडकतो. सगळी भोकं एका रेषेत आली पाहिजेत, कारण हे निपल सरळ खाली लोंबले तरच नीट बंद होतात. पाइपही लेव्हल लावून समतल बांधा. शेवटच्या टोकाला एंडकॅप न लावता छोटा व्हॉल्व्ह लावा, आतली घाण सोडून द्यायला.

झाकणात हवेसाठी ३ मिलिमीटरचं भोक पाडा. हे विसरलात तर थोड्या वेळाने आत पोकळी तयार होते आणि पाणी थांबतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं. भोकावर बारीक जाळी चिकटवली की डास शिरत नाहीत.

बादली निपलच्या अर्धा मीटर वर असली की पुरे. एकदा आळसापायी मी पाइप थेट गच्चीवरच्या टाकीला जोडला. निपल दाबला की पिचकारी, सोडला तरी टपटप. हे निपल कमी दाबाचे असतात. टाकीतून घ्यायचंच असेल तर मधे छोटी बादली आणि फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी भरलं की आपोआप बंद होणारा तरंगता व्हॉल्व्ह, घाला.

उंची इथेही महत्त्वाची, फक्त नियम वेगळा. खाद्य पाठीच्या पातळीला, निपल डोक्याच्या वर. पाय जमिनीवर सपाट, मान ताणलेली, चोच वर, अशी कोंबडी दिसली पाहिजे. निपल खाली असेल तर ती बाजूने टोचते आणि निम्मं पाणी चोचीबाहेर जातं. टाचा उचलून पिताना दिसली तर तो जास्त वर आहे.

सवय लावायची तर भर उन्हाळ्यात नको. सकाळी जुनं भांडं काढा, निपलला बोट लावून थेंब काढून दाखवा. चमकतं आणि लाल रंगाचं काही दिसलं की कोंबड्या टोचतात, म्हणून लाल रंगाचे निपल मिळाले तर बरं. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी जुनं भांडं परत ठेवा. या दिवसांत खाद्य कमी संपलं तर समजा, कुणीतरी पाणी पीत नाही, कारण तहानलेली कोंबडी जेवणही कमी करते. आमच्या तलंगा अर्ध्या दिवसात शिकल्या. काजळी वयस्क, तिनं नऊ दिवस निपलकडे पाठ फिरवली. तिच्यासाठी भिंतीला एक कप लावला आहे. कपात थोडं पाणी साठलेलं दिसतं, त्यामुळे म्हाताऱ्यांना पटतं. पण कप रोज पुसावा लागतो.

गळती शोधायला वर्तमानपत्रासारखं साधन नाही. रात्री कोंबड्या दांडीवर गेल्या की पाइपखाली कागद पसरा. सकाळी ज्या निपलखाली ओला डाग, तो दोषी. बहुतेक वेळा आत वाळूचा कण किंवा क्षार अडकलेला असतो. निपल काढून पातळ व्हिनेगरमध्ये तासभर बुडवला की सुधारतो.

त्याखालची जमीन

एवढं करूनही थेंब पडतातच, चोचीतून, मानेवरून. ते कुठे पडणार हे आपण ठरवायचं. पाइपखाली दोन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि वीतभर खोल चर खणला, जाळीबाहेर उतार दिला, खडीने भरला आणि वर चौकटीत ताणलेली वेल्डेड जाळी ठेवली. थेंब खडीतून निघून जातो, कोंबडीचे पाय कोरडे, आणि उकरायला माती नाही. चौकट खिळून टाकू नका. महिन्यातून एकदा उचलून खडीवर पाणी मारावं लागतं.

खाद्य आणि पाणी यांत दोन मीटर तरी अंतर ठेवा, नाहीतर खाद्याची पेस्ट लागलेली चोच लगेच निपलवर येते. बसायच्या दांडीखाली यातलं काहीच नको.

तूस कोरडं आहे का, हे मुठीत धरून कळतं. आवळल्यावर लाडवासारखा गोळा राहिला तर ओलं. मूठ उघडताच हळूच मोडलं तर ठीक. नुसतीच धूळ उडाली तर जरा जास्तच कोरडं.

धुणं आणि उंदीर

पाण्याची बादली गडद रंगाची घ्या. पारदर्शक डब्यात उजेड शिरतो आणि शेवाळ धरतं. आठवड्यातून एकदा टोकाचा व्हॉल्व्ह उघडून पाइप धुवायचा, पाइपच्या आत बोटाला बुळबुळीत लागणारा थर असतो तो जायला हवा. व्हिनेगर वापरायचं तर प्लास्टिकच्या भांड्यात, जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यात नाही. आम्लामुळे जस्त पाण्यात उतरतं. ब्लीच वापरायचं तर पातळ करून, नंतर भरपूर पाण्याने खळबळून. आणि ही दोन्ही कधीही एकत्र करायची नाहीत, विषारी वायू सुटतो.

अंधारात कोंबड्या खात नाहीत. त्यामुळे खाद्याच्या बादल्या मी दिवेलागणीला उचलून आत ठेवते. रात्रभर बाहेर ठेवलेलं खाद्य उंदरांसाठीच असतं, आणि लहान उंदराला पेन्सिलीएवढी फट पुरते. साठ्याचं पोतं पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात.

पिल्लांचं थोडक्यात. पसरट भांड्यात पाणी देत असाल तर त्यात स्वच्छ गोटे टाका, नाहीतर भिजतात, बुडतात. निपल पहिल्या दिवसापासून चालतो, फक्त डोळ्याच्या पातळीला लावायचा आणि दर आठवड्याला वर न्यायचा. खुडूक कोंबडी पिल्लांसोबत असेल तर तिच्यासाठी एक निपल उंचावर ठेवा.

आता दोन दिवस बाहेर जायचं झालं तर मी दोन्ही खाद्याच्या बादल्या निम्म्या भरते, पाण्याची बादली काठोकाठ, आणि वहिनीला सांगून जाते. तिला कोंबड्यांची जरा भीतीच वाटते, म्हणून काम एकच दिलं आहे: सकाळ-संध्याकाळ जाळीबाहेरून हात घालून शेवटच्या निपलला बोट लावायचं आणि थेंब येतो का ते बघायचं. शेवटच्याला आला म्हणजे पाण्याची वाट मोकळी आहे.